विक्री सारखी, नफा वेगळा: ग्राहकनिहाय नफा काढताना एबीसी कसे वापरावे

प्रश्न थोडक्यात असा आहे: घाऊक पुरवठ्याचा व्यवसाय, विक्री दरवर्षी वाढते, ग्राहकनिहाय ग्रॉस मार्जिन काढले तर सगळे जवळपास २० ते २२ टक्क्यांत बसतात, तरी वर्षाअखेर उरणारा नफा जागचा हलत नाही. ॲक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग, म्हणजे एबीसी (कोणासाठी किती काम करावे लागले ते बघून खर्च त्याच्या नावावर टाकण्याची पद्धत), लावून कोणता ग्राहक खरोखर कमावून देतो ते कळेल का? वेगळे सॉफ्टवेअर घ्यावे लागेल का? आणि जे तोट्यात निघतील त्यांना सोडून द्यावे का?

कळेल. सॉफ्टवेअर सुरुवातीला नको. आणि सोडून देण्याची घाई तर मुळीच नको. ती का नको, हे सांगण्यात या उत्तराचा बराच भाग जाणार आहे.

आधी ग्रॉस मार्जिनचे बघू. ते गोदामाच्या दारात थांबते. मालाची खरेदी किंमत आणि विक्री किंमत यांतला फरक ते सांगते. त्यानंतर ऑर्डर घेणे, माल काढणे, बांधणे, पोचवणे, परत आलेला माल उतरवून घेणे, बिलाचा वाद मिटवणे, पैशासाठी पाठपुरावा करणे, यांतले काहीच त्यात येत नाही. हे सगळे खर्च वह्यांमध्ये असतात, पण पगार, वाहतूक, भाडे, व्याज अशा खात्यांवर. पैसे कोणाला दिले ते खातेवही सांगते, कोणासाठी दिले ते सांगत नाही. मग कोणी फारच आग्रह धरला की लेखा विभाग हे सगळे खर्च विक्रीच्या प्रमाणात ग्राहकांवर वाटून देतो. विक्रीच्या प्रमाणात वाटले की सगळ्यांना सारखाच टक्का लागतो, मूळ मार्जिन सारखे असले की निव्वळ नफाही सारखाच दिसतो, आणि एवढा खटाटोप करून नवे काहीच कळत नाही.

१९८० च्या दशकात हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या रॉबिन कूपर आणि रॉबर्ट कॅप्लन यांनी एबीसीची मांडणी रूढ केली, ती मुख्यतः कारखान्यातल्या उत्पादनांसाठी. त्यांचा मुद्दा साधा होता: सगळे खर्च नगांच्या संख्येनुसार हलत नाहीत. काही प्रत्येक नगामागे होतात, काही प्रत्येक बॅचमागे, काही ते उत्पादन यादीत ठेवण्यासाठीच होतात. हीच उतरंड ग्राहकांना लावा. काही खर्च प्रत्येक ऑर्डरमागे होतात, मग ऑर्डर छोटी असो की मोठी. काही तो ग्राहक टिकवण्यासाठी होतात: भेटी, करार, त्याच्यासाठी वेगळे लेबल. काही संपूर्ण विक्रीमार्गासाठी असतात. आणि मुख्य कार्यालयाचे भाडे, संचालकांचे पगार, लेखापरीक्षण हे कोणत्याच एका ग्राहकामुळे होत नाहीत. हे शेवटचे ग्राहकांवर वाटूच नका. ते वाटले की दर बैठकीत वाटपाच्या टक्क्यांवर वाद होतो आणि मूळ विषय बाजूला पडतो.

आता एक उदाहरण नीट उलगडून बघू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, चलन कोणतेही धरा.

ऑर्डर विभागात १० माणसे आहेत. पगार, जागा, संगणक, पर्यवेक्षक धरून विभागाचा तिमाही खर्च १२,९६,०००. प्रत्येकाचे तिमाहीत ६० दिवस, दिवसाला ४५० मिनिटे, म्हणजे कागदावर २,७०,००० मिनिटे. चहापाणी, प्रशिक्षण, बैठका, बंद पडलेली यंत्रणा वजा जाता प्रत्यक्ष कामाला त्यातली ८० टक्के मिळतात असे धरू: २,१६,००० मिनिटे. म्हणजे मिनिटाचा दर ६.

मग त्या विभागात जाऊन बसायचे आणि वेळ मोजायचा. समजा असे निघाले: साध्या ऑर्डरला ४ मिनिटे, शिवाय ऑर्डरमधल्या प्रत्येक ओळीमागे १ मिनिट. ऑर्डर फोनवरून किंवा मेसेजवरून आली तर आणखी ६. नोंदल्यावर बदलली तर १२. उधारीची मर्यादा ओलांडल्यामुळे वरची मंजुरी लागली तर १८. याला वेळेचे समीकरण म्हणतात. कॅप्लन आणि स्टीव्हन अँडरसन यांनी २००४ मध्ये मांडलेल्या टाइम-ड्रिव्हन एबीसीचा हा गाभा. आधीच्या पद्धतीत कर्मचाऱ्यांना ‘तुमचा किती टक्के वेळ कुठे जातो’ असे विचारून वाटप करायचे. त्यात गोम अशी की, विचारलेले टक्के नेहमी १०० भरतात. आपण दिवसातला पाचवा हिस्सा रिकामे असतो असे फॉर्मवर कोण लिहून देईल? शिवाय कामांची यादी फुगत जाते, दर वर्षी पुन्हा मुलाखती घ्याव्या लागतात, आणि दोन वर्षांत मॉडेल धूळ खात पडते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने थेट वेळेवर आधारलेली पद्धत घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता दोन ग्राहक घ्या, अ आणि ब. दोघांचीही तिमाही विक्री १०,००,०००, दोघांचेही ग्रॉस मार्जिन २२ टक्के, म्हणजे २,२०,०००. अ तिमाहीत १२ ऑर्डरी देतो, प्रत्येकीत २५ ओळी, सगळ्या थेट सिस्टिममधून. एकच ऑर्डर नंतर बदलली. ब दिवसाला सरासरी दोन, अशा १२० ऑर्डरी देतो, प्रत्येकीत ३ ओळी, सगळ्या फोनवर. त्यातल्या ६० नंतर बदलल्या, ४० ना उधारीची मंजुरी लागली. अ च्या ऑर्डरींवर विभागाची ३६० मिनिटे गेली, खर्च २,१६०. ब वर ३,००० मिनिटे, खर्च १८,०००.

हाच हिशेब पुढच्या टप्प्यांना लावू. गोदामातून माल काढणे: अ पूर्ण खोकी घेतो, ३०० ओळींना ३० प्रमाणे ९,०००, ब सुटे नग घेतो, ३६० ओळींना ५० प्रमाणे १८,०००. पोचवणे: अ च्या १२ मोठ्या फेऱ्या १२,०००, ब च्या १२० छोट्या फेऱ्या ७८,०००. ‘आजच पाहिजे’ म्हणून बाहेरची गाडी करावी लागली अशा ब च्या ३० वेळा, २७,०००. परत आलेला माल: अ चा दोनदा, १,२००, ब चा २५ वेळा, १५,०००. विक्री प्रतिनिधीच्या भेटी: अ कडे ३, खर्च ४,५००, ब कडे २४, खर्च ३६,०००. शेवटी येणी: व्याजदर वर्षाला १२ टक्के धरला तर ३० दिवसांत पैसे देणारा अ १०,००० ला पडतो, ९० दिवस लावणारा ब ३०,००० ला.

बेरीज करा. अ ला सेवा देण्याचा खर्च ३८,८६०, उरले १,८१,१४०. ब चा खर्च २,२२,०००, म्हणजे २,००० चा तोटा. जुन्या पद्धतीने हाच एकूण खर्च निम्मा-निम्मा वाटला असता तर दोघांच्या नावापुढे ८९,५७० असा एकसारखा नफा दिसला असता, आणि विक्री विभागाने दोघांनाही पुढच्या वर्षी सारखीच सूट दिली असती.

वेळ मोजल्याचा आणखी एक फायदा सहसा दुर्लक्षित राहतो. सगळ्या ग्राहकांच्या ऑर्डरींना समीकरण लावून मिनिटांची बेरीज करा आणि ती २,१६,००० शी ताडून बघा. समजा १,६०,००० आली. मग ५६,००० मिनिटे, म्हणजे ३,३६,००० चा खर्च, कोणत्याच ग्राहकाने वापरलेला नाही. ती न वापरलेली क्षमता आहे. तिची वेगळी ओळ दाखवा, ग्राहकांच्या माथी मारू नका. नाहीतर एक मोठा ग्राहक गेला की त्याच्या वाट्याचा खर्च उरलेल्यांवर चढतो, ते महाग दिसू लागतात, त्यांचे भाव वाढवले जातात, मग त्यांतले आणखी काही जातात. उलट बेरीज २,४०,००० आली तर तुमची मोजलेली मिनिटे फुगलेली आहेत, किंवा माणसे कागदावर न येणारा ओव्हरटाइम करत आहेत. दोन्ही गोष्टी कळलेल्या बऱ्या.

मोजमापाचा नेमकेपणा किती ठेवायचा? ४ मिनिटे की साडेचार, यावर दिवस घालवू नका. ब १८,००० ऐवजी १६,००० ला पडला म्हणून निर्णय बदलत नाही. जिथे दोन ग्राहकांमध्ये मोठा फरक पडतो तिथेच बारकाई लावा. बहुतेक वितरण व्यवसायांत ते खर्च म्हणजे पोचवणे, तातडीच्या ऑर्डरी, परतावा आणि थकबाकी. बिल छापण्याचा खर्च वेगळा काढत बसणारेही मी पाहिले आहेत. त्याने काही हाती लागत नाही.

खरी डोकेदुखी गणिताची नसून डेटाची असते. एकच ग्राहक चार कोडखाली असतो: एक मुख्य कार्यालयाचा, दोन शाखांचे, एक कोणीतरी घाईत उघडलेला. आधी ते एकत्र करा, नाहीतर मोठा ग्राहक चार मध्यम ग्राहकांत विखुरला जातो आणि चित्र बिघडते. वर्षाअखेरची सूट, जाहिरात खर्चातला वाटा, क्रेडिट नोटने दिलेली सवलत, हे बहुतेक ठिकाणी एका ढोबळ खात्यात पडलेले असते. त्यावर ग्राहकाचे नाव नसते. ते शोधून नावावर टाकल्याशिवाय २२ टक्के मार्जिन हाच आकडा खरा नाही. माझ्या अनुभवात एबीसी लावण्याच्या आधी, नुसती ही साफसफाई केली तरी काही ग्राहकांचा क्रम बदलतो. बदललेल्या ऑर्डरींची नोंद तर अनेक सिस्टिममध्ये राहतच नाही, जुनी ओळ पुसून नवी येते. तसे असेल तर एक महिना विभागातल्या माणसांना साध्या कागदावर रेघा मारायला सांगा. तेवढे पुरते.

एवढे झाले की सगळ्या ग्राहकांना नफ्याच्या उतरत्या क्रमाने लावा आणि नफ्याची चढती बेरीज करून आलेख काढा. तो आधी झपाट्याने वर जातो, मधे सपाट होतो आणि शेवटी खाली कलतो. पाण्याबाहेर आलेल्या व्हेल माशाच्या पाठीसारखा दिसतो म्हणून त्याला व्हेल कर्व्ह म्हणतात. यातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण स्वीडनच्या कांथाल या कंपनीचे आहे. विजेवर तापणाऱ्या तारा बनवणारी ही कंपनी, तिच्यावरचा हार्वर्डचा अभ्यास १९८० च्या दशकाच्या शेवटचा आहे. तिथे २० टक्के ग्राहकांनी एकूण नफ्याच्या २२५ टक्के नफा मिळवून दिला होता, ७० टक्के ग्राहक ना नफा ना तोटा अशा पातळीभोवती होते, आणि उरलेल्या १० टक्क्यांनी नफ्याच्या १२५ टक्के गमावले होते. सर्वांत जास्त तोटा देणाऱ्यांपैकी दोघे विक्रीत पहिल्या तिघांत होते.

हे ऐकून लोक चकित होतात, पण थोडा विचार केला तर यात आश्चर्य नाही. छोटा ग्राहक तुमचे मोठे नुकसान करूच शकत नाही, तेवढे काम तो तुम्हाला लावतच नाही. आलेखाच्या दोन्ही टोकांना मोठेच असतात. मोठा ग्राहक वाटाघाटीत भाव पाडतो, वर खास पॅकिंग, खास वेळ, खास अहवाल मागतो, आणि त्याला नाही म्हणायची कोणाची हिंमत होत नाही. त्यामुळे यादी आल्यावर तळाकडून वाचा आणि तिथली मोठी नावे आधी बघा. तळातल्या छोट्यांच्या मागे लागण्यात वेळ घालवू नका.

आता तोट्यातल्यांना सोडायचे का? पुन्हा ब कडे या. अहवालात त्याच्यापुढे उणे २,००० आहे, म्हणून तो गेला तर नफा २,००० ने वाढेल असे वाटते. तसे होत नाही. ब गेला की २,२०,००० चे मार्जिन त्याच दिवशी जाते. खर्चातले काय जाते? बाहेरच्या गाडीचे २७,००० आणि अडकलेल्या पैशावरचे व्याज ३०,०००. गाड्या तुमच्या असतील, चालक, गोदामातली माणसे, प्रतिनिधी पगारावर असतील, तर बाकीचे १,६५,००० तसेच चालू राहतात. त्या तिमाहीत नफा साधारण १,६३,००० ने घसरेल. एबीसीचा आकडा सांगतो की ब ने तुमची किती क्षमता वापरली. ती क्षमता तुम्ही कमी केलीत, किंवा दुसऱ्या चांगल्या कामाला लावलीत, तरच तो खर्च वाचतो. हे न समजता ग्राहक तोडणाऱ्यांच्या हाती रिकाम्या गाड्या आणि तेच पगार उरतात.

दुसरा, आणि मला जास्त महत्त्वाचा वाटणारा मुद्दा: ब चा तोटा त्याच्या ऑर्डर देण्याच्या सवयीत आहे, आणि सवय बदलता येते. भाव न बदलता त्याच्याशी एवढेच ठरवा की माल आठवड्यातून दोनदा, ठरल्या वारी जाईल. १२० च्या जागी तिमाहीत २६ ऑर्डरी, तेवढ्याच ३६० ओळी. बदल ६० वरून १५, मंजुऱ्या ४० वरून ५, तातडीच्या गाड्या ३० वरून ५ झाल्या असे धरा. ऑर्डर विभागाची मिनिटे ३,००० वरून ८९० वर येतात, खर्च ५,३४०. फेऱ्या मोठ्या झाल्या म्हणून प्रत्येकी ६५० ऐवजी ८०० धरल्या तरी पोचवण्याचा खर्च २०,८००. बाहेरच्या गाड्या ४,५००. एकूण ९२,३६० ने खर्च उतरला, ब आता ९०,३६० नफ्यात. उधारीचा विषय तर अजून काढलेलाच नाही.

अर्थात इथेही तीच अट लागू आहे. वाचलेली २,११० मिनिटे विभागाच्या एकूण मिनिटांच्या १ टक्क्याहून कमी आहेत, त्याने एकही पगार कमी होत नाही. बाहेरच्या गाड्यांचे २२,५०० मात्र लगेच दिसतात. उरलेली बचत खरी व्हायची तर अशा पंधरा-वीस ग्राहकांशी बोलावे लागेल, मग एक गाडी कमी करता येईल, किंवा भरती न करता वाढीव विक्री पेलता येईल. तुमची विक्री वाढते आहे, म्हणून तुमच्यासाठी दुसरा मार्ग सोपा: पुढच्या वर्षी मंजुरीला येणारी नवी गाडी आणि नव्या जागा आधी थांबवा.

ग्राहकाकडे जाण्याआधी एक काम घरात करा. त्या ६० बदललेल्या ऑर्डरींपैकी वीस-पंचवीस काढा आणि प्रत्येक का बदलली ते बघा. बऱ्याचदा निघते ते असे: तुमच्या यादीत माल शिल्लक दिसत होता, गोदामात नव्हता, म्हणून ग्राहकाला ऑर्डर बदलावी लागली. परत आलेल्या मालातही चुकीचा माल तुमच्याकडूनच गेलेला असतो. हा खर्च ग्राहकाच्या नावावर राहणे चूक आहे. तो ‘आपल्या चुकांचा खर्च’ अशा वेगळ्या ओळीत टाका. हे केले नाही, तर पहिल्याच बैठकीत विक्री प्रमुख असे एक उदाहरण पुढे ठेवील आणि सगळ्या अहवालावरचा विश्वास उडेल.

विक्री विभागाला सोबत घेणे हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे एवढेच की ज्याचे कमिशन विक्रीवर ठरते त्याला ग्राहकाच्या नफ्याचा आकडा धमकीसारखा वाटणार. आकडा दाखवण्याआधी मिनिटे आणि फेऱ्या दाखवा. ‘ब तोट्यात आहे’ यावर वाद होतो. ‘ब कडे तिमाहीत १२० वेळा गाडी गेली’ यावर होत नाही.

ग्राहकासमोर तर तुमचे कॉस्टिंग उघडूच नका. त्याला तुमच्या मिनिटांशी कर्तव्य नाही, आणि त्या कागदावरून तो उद्या अ च्या भावाची मागणी करील. त्याच्यासमोर पर्याय ठेवा: किमान ऑर्डरच्या वर डिलिव्हरी मोफत, खाली शुल्क, सिस्टिममधून ऑर्डर दिली तर थोडी सूट, तातडीची गाडी हवी तर तिचे भाडे वेगळे, ३० दिवसांत पैसे आले तर अमुक टक्के. निवड त्याची. काहींना रोज दोनदा माल लागतोच, त्यांच्याकडे साठवायला जागा नसते, ते शुल्क आनंदाने देतात. मग ते महागडे ग्राहक राहिले तरी तोट्यातले राहत नाहीत. शुल्कही नको, सवयही बदलायची नाही आणि भावही वाढू द्यायचा नाही, असे म्हणणारे थोडेच उरतात. त्यांना सोडण्याचा विचार तेव्हा करा, आणि तोही त्यांच्यावर खर्च होणारी तुमची क्षमता दुसऱ्या कोणाला देता येत असेल तेव्हाच. नवे ग्राहक या यादीत धरू नका. पहिल्या वर्षात नमुने, भेटी, खाते उघडणे यांचा खर्च जास्त असतोच. त्यांची वेगळी यादी ठेवा.

सॉफ्टवेअरचे शेवटी. पहिली फेरी स्प्रेडशीटवर होते. ऑर्डरींचा तिमाही डेटा, फेऱ्यांची नोंद, क्रेडिट नोटा आणि येण्यांची मुदत एवढे बाहेर काढता आले की पुरे. सगळे विभाग एकदम घेऊ नका. ऑर्डर आणि वाहतूक या दोनांनी सुरू करा, विक्रीत वरचे ५० ग्राहक घ्या. एकाच तिमाहीवर निष्कर्ष काढू नका, हंगामी ग्राहक त्यात फसवे दिसतात. निदान चार तिमाह्या मागे जा. पगार बदलले की मिनिटाचा दर बदला, कामाची पद्धत बदलली की समीकरण बदला, बाकी मॉडेलला हात लावायची गरज नाही. सॉफ्टवेअरचा विचार दुसऱ्या वर्षी करा, जेव्हा दर तिमाहीला हाच अहवाल कोणीतरी मागू लागेल. विक्रेता डेमो द्यायला आला की त्याला स्वतःचा नमुना डेटा वापरू देऊ नका, तुमच्या चार कोडांत विखुरलेल्या ग्राहकाचा डेटा द्या.